ठसका, खोकला आणि घशातला पहारा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिळण्याचे विकार असलेल्या रुग्णांसोबत मी थेरपिस्ट म्हणून काम करते. रुग्ण आणि त्यांच्या घरचे फोनवर, मेसेजवर आणि दवाखान्याच्या दारात निघता निघता जे प्रश्न हमखास विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे साधे आहेत, पुढचे जरा अडचणीचे. घाई असेल आणि घरात पक्षाघाताचा रुग्ण असेल, तर आधी प्रश्न ११ आणि १२ वाचा.

१. ठसका लागतो म्हणजे नेमकं होतं काय?

घशात हवेचा आणि अन्नाचा रस्ता काही अंतर एकच असतो. पुढे त्याला दोन फाटे फुटतात: पुढच्या बाजूला श्वासनलिका, तिच्या मागे अन्ननलिका. म्हणजे प्रत्येक घासाला श्वासनलिकेचं तोंड ओलांडूनच जावं लागतं. ही रचना किती जोखमीची आहे, हे डार्विनने १८५९ साली लिहून ठेवलं होतं. घास येतो तेव्हा श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर आणि पुढे उचललं जातं, त्याचं दार बंद होतं आणि घास मागून अन्ननलिकेत उतरतो. सगळा मामला साधारण एका सेकंदाचा. त्यात वेळ चुकली आणि एखादा थेंब किंवा कण दारात शिरला, की तो बाहेर फेकण्यासाठी जी उबळ येते तो ठसका. बोलता बोलता किंवा हसताना जेवलं की वेळ चुकते, कारण बोलायला दार उघडं लागतं.

२. चुकीच्या जागी काहीतरी आलंय, हे घशाला कळतं कसं?

घशाच्या आणि स्वरयंत्राच्या आतलं ओलं, नाजूक अस्तर नुसतं अस्तर नाही. त्यात संवेदी मज्जातंतूंची टोकं पसरलेली आहेत, काही तर अगदी वरच्या पेशींच्या फटींमध्ये उघडी पडलेली. सगळी एकसारखी नाहीत. काहींना स्पर्श आणि दाब कळतो, काहींना आम्ल आणि तिखट, काहींना थंडावा. स्वरयंत्राच्या दाराशी तर जिभेवर असतात तशा रुचिकलिकाही आहेत. त्या चव घेण्यासाठी नाहीत. आलेला द्रव लाळेपेक्षा वेगळा आहे का, एवढंच त्या तपासतात. यावर प्रश्न ४ मध्ये अधिक आहे.

ही टोकं सगळीकडे सारखी दाट नसतात. इपिग्लॉटिस म्हणजे स्वरयंत्रावरची पानासारखी झडप. तिची आतली, स्वरयंत्राकडची बाजू आणि दाराची मागची कड इथे पहारा सर्वांत कडक असतो. खाली श्वासनलिका जिथे दोन फुप्फुसांकडे विभागते, ती दुभागणीची कडही भयंकर हळवी असते. दुर्बिणीचं टोक तिथे नुसतं टेकलं तरी रुग्ण उसळतो.

निरोप नेणाऱ्या तारा ठरलेल्या आहेत. जिभेच्या मुळाशी आणि त्यामागच्या घशात मेंदूची नववी नस. स्वरतंतूंच्या वर दहाव्या नसेची, म्हणजे व्हेगसची एक फांदी. स्वरतंतूंच्या खाली तिचीच दुसरी फांदी, जी छातीपर्यंत खाली जाऊन परत वर येते. सगळे निरोप मेंदूच्या तळाशी मेडुला नावाच्या भागात पोचतात आणि तिथल्या तिथे निकाल लागतो: दार बंद कर, गिळ किंवा खोकून टाक. विचार करणाऱ्या मेंदूला बातमी नंतर कळते. म्हणूनच आपण ठसका ‘देत’ नाही, तो ‘लागतो’.

३. पण झाकण आहे ना तिथे? शाळेत तसंच शिकवलं होतं.

आहे, पण भांड्यावर झाकण ठेवावं इतकं ते सोपं नाही. खरं बंद होणं तीन पातळ्यांवर होतं: वर दाराच्या कडा जवळ येतात, मध्ये खोटे स्वरतंतू, खाली खरे स्वरतंतू. कॅन्सरमुळे इपिग्लॉटिस काढून टाकलेली माणसंही सरावाने नीट गिळू शकतात. संवेदना मात्र गेली तर अवघड होतं. धडधाकट स्वयंसेवकांची स्वरतंतूंच्या वरची संवेदी नस दोन्ही बाजूंनी तात्पुरती बधिर करून पाहिलं गेलं आहे. स्नायू पूर्ण चांगले असूनही त्यांना घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटलं, गिळायला कष्ट पडले आणि काहींचं अन्न स्वरयंत्रात शिरलं. झाकण शाबूत होतं, पण ते कधी लावायचं हे सांगणारं कुणी नव्हतं.

४. भाकरीचा नाही, पण साध्या पाण्याचा ठसका लागतो. असं का?

पाणी पातळ, म्हणून वेगवान. भाकरीचा घास चावून, लाळेत मळून, गोळा होऊन येतो. पाणी जिभेवरून घसरतं आणि दार लागायच्या आत तिथे पोचतं. दुसरं कारण रासायनिक आहे. पाण्यात लाळेच्या मानाने क्षार फार कमी, आणि प्रश्न २ मधल्या रुचिकलिकांना तो फरक लगेच कळतो.

आपल्याकडची वरून पाणी पिण्याची पद्धत यात भर घालते. तांब्या उंच धरून, मान मागे टाकून, ओठ न लावता धार सोडायची. उष्ट्याच्या दृष्टीने ठीक, घशाच्या दृष्टीने वाईट. मान मागे गेली की श्वासनलिकेचा रस्ता मोकळा होतो आणि धारेवर ताबा राहत नाही. तरुणाला हे जमून जातं. सत्तरीच्या आजोबांना त्यांचं वेगळं भांडं द्यावं आणि ओठ लावून, हनुवटी किंचित खाली ठेवून घोट घोट पिऊ द्यावं.

कोरड्या पिठाचं मात्र उलट आहे. सातूचं पीठ किंवा पिठीसाखर तोंडात टाकून श्वास घेतला की कण थेट हवेबरोबर आत जातात. तिथे दोष गिळण्याचा नसतो.

५. मिरचीची फोडणी पडली की सगळं घर खोकतं. आत तर काहीच गेलेलं नसतं?

गेलेलं असतं, दिसत नाही इतकंच. गरम तेलातून मिरचीतलं कॅप्सेसिन बारीक कणांच्या रूपात हवेत उडतं. मज्जातंतूंच्या काही टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे संवेदना टिपणारा रेणू) असतो, जो मुळात चटका आणि आम्ल ओळखण्यासाठी आहे. कॅप्सेसिन त्यालाच उघडतं आणि मेंदूला ‘भाजलं’ असा निरोप जातो. हा ग्राहक १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने शोधला आणि २०२१ च्या वैद्यकाच्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. खोकल्याची संवेदनशीलता मोजायला आजही संशोधक कॅप्सेसिनचीच वाफ हुंगायला देतात. पुदिन्याच्या गोळीतलं मेंथॉल थंडाव्याचा वेगळा ग्राहक चाळवतं, म्हणून खोकल्याची खाज थोडा वेळ कमी वाटते.

६. कान कोरताना मला खोकला येतो. कानाचा आणि घशाचा काय संबंध?

तार एकच. व्हेगसची एक बारीक फांदी कानाच्या नळीच्या कातडीत येते. ती चाळवली की मेडुलाला वाटतं निरोप घशातून आला. एकोणिसाव्या शतकातले जर्मन शरीररचनातज्ज्ञ आर्नोल्ड यांच्या नावाने हे ओळखलं जातं. शंभरातल्या दोन-चार जणांना होतं, आजार नाही. महिनोन् महिने कोरडा खोकला असेल आणि छातीत काही सापडत नसेल, तर कानात मळाचा खडा किंवा केस तर टोचत नाही ना, हे एकदा जरूर पाहून घ्या. कान कोरू नका, हे सांगून उपयोग होत नाही हेही मला माहीत आहे.

७. मुलाला ठसका लागला की आपण ‘वर बघ, वर बघ’ म्हणतो. त्याने काही होतं का?

मुलाचं लक्ष दुसरीकडे जातं, रडं थांबतं, श्वास सावकाश होतो. एवढा फायदा खरा. आत गेलेलं बाहेर काढायला मात्र मान वर करून काहीच मिळत नाही. ते काम खोकल्याचं. त्याला पुढे वाकून खोकू द्या. डोक्यावर थापट्या मारायची गरज नाही. आणि खोकत असताना पाण्याचा पेला तोंडाला लावू नका. खोकल्याच्या दोन उबळींमध्ये माणूस जोरात श्वास आत ओढतो, आणि त्याच श्वासाबरोबर पाणी ओढलं जातं. आधी उबळ जाऊ द्या, मग पाणी.

८. साधा ठसका आणि जिवावर बेतणारं अडकणं, फरक कसा ओळखायचा?

आवाजावरून. आवाज येतोय, खोकला येतोय, म्हणजे हवा जातेय. तोवर पाठीशी उभं राहा आणि खोकत राहायला सांगा. आवाज बंद, हात गळ्याशी, ओठ निळसर, म्हणजे रस्ता पूर्ण बुजला. तेव्हा त्या व्यक्तीला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळहाताने पाच जोरदार थापा मारा. निघालं नाही तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर असे पाच झटके. पुन्हा थापा, पुन्हा झटके. गरोदर बाईला झटके छातीवर द्यायचे. एक वर्षाखालच्या बाळाला पोटावर कधीच नाही: डोकं खाली करून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब. न दिसणारी वस्तू काढायला आंधळेपणाने बोट घालू नका, ती आणखी आत जाते. शुद्ध हरपली तर १०८ ला फोन आणि छातीवर दाब देणं सुरू.

चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका. सीताफळ द्यायचं तर बिया काढून. दाणा गेल्यावर आधी जोरदार ठसका लागतो, मग थोड्या वेळाने मूल शांत होतं आणि घरच्यांना वाटतं सुटलो. पुष्कळदा दाणा खाली, बहुधा उजव्या फुप्फुसाच्या नळीत जाऊन बसलेला असतो, कारण ती जास्त रुंद आणि सरळ असते. तिथल्या मज्जातंतूंना त्याची सवय होते आणि खोकला ओसरतो. अशी हकिकत असेल तर मूल खेळत असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

९. नवजात बाळ दूध पिताना खोकण्याऐवजी श्वासच धरतं. हे धोक्याचं आहे?

त्या वयात पहारेकऱ्याची पद्धतच वेगळी असते. बाळाच्या स्वरयंत्राशी पाणी किंवा आम्ल लागलं की खोकला येण्याऐवजी दार आवळलं जातं, श्वास थांबतो, हृदयाचे ठोके मंदावतात आणि बाळ गिळत राहतं. वय वाढतं तशी हीच प्रतिक्रिया खोकल्यात बदलते. क्षणभराचा थांबा चालतो. मात्र बाळ निळं पडणं, लुळं पडणं, दर पाजण्याच्या वेळी हे होणं, यापैकी काहीही झालं तर ताबडतोब दाखवा. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत आणि सर्दी असताना ही प्रतिक्रिया जास्त तीव्र असते.

१०. आजी बाळाच्या नाकात तेल घालते आणि बोंडल्याने औषध पाजते. चालेल?

तेल नको, अगदी दोन थेंबही नको. पाणी पहाऱ्याला लगेच कळतं, तेल कळत नाही. ते मऊ, तटस्थ, न टोचणारं असल्याने खोकला न चाळवता सरळ फुप्फुसात उतरतं आणि तिथून निघत नाही. त्याने होणाऱ्या न्यूमोनियाची उदाहरणं भारतातल्या बालरोगतज्ज्ञांनी पुष्कळ नोंदवली आहेत. आजीशी भांडू नका. तेल अंगाला भरपूर लावू द्या.

बोंडल्याचा दोष भांड्यात नसून ते वापरण्यात आहे. बाळ आडवं, हातपाय धरलेले, रडताना तोंड उघडलं की धार आत. रडताना दार उघडं असतं. डॉक्टरांनी दिलेलं औषध बाळाला उभट धरून, गालाच्या कडेने, थोडं थोडं द्या. सहा महिन्यांपर्यंत दुधाशिवाय दुसरं, अगदी पाणीसुद्धा, लागत नाही.

११. बाबांना पक्षाघात झाला. आधी जेवताना ठसका लागायचा, आता अजिबात लागत नाही. म्हणजे सुधारणा आहे ना?

असू शकते. पण हा प्रश्न ऐकला की माझा पहिला विचार वेगळाच असतो.

ठसका न लागण्याची दोन कारणं असतात. एक, घास नीट खाली जातोय. दोन, घास चुकीच्या वाटेने जातोय आणि पहारेकऱ्याला पत्ताच नाही. पक्षाघातात मेंदूचा भाग दुखावतो तेव्हा नुसते स्नायूच लुळे पडत नाहीत, घशाच्या अस्तराची जाणीवही बोथट होते. अन्न स्वरतंतूंच्या खाली उतरतं, आणि माणूस शांतपणे पुढचा घास घेतो. याला आम्ही मूक आत जाणं म्हणतो. घरच्यांना ते दिसत नाही, कितीही लक्ष देऊन भरवलं तरी. जेवणात जवळ बसणारे डॉक्टरही नुसतं बघून चुकतात.

पक्षाघातानंतर पहिल्या काही दिवसांत जवळपास निम्म्या रुग्णांना गिळण्यात काही ना काही अडचण असते. बरेच जण दोन-तीन आठवड्यांत सुधारतात. म्हणून ‘सुधारलं असेल’ ही आशा खोटी नाही, तपासल्याशिवाय ती धरू नये इतकंच. तपासण्या दोन आहेत: नाकातून बारीक दुर्बीण घालून रुग्ण गिळत असताना पाहणं, किंवा बेरियम मिसळलेलं अन्न गिळताना एक्स-रेचं चलचित्र घेणं. पहिल्या तपासणीत दुर्बिणीचं टोक किंवा हवेचा बारीक झोत लावून अस्तराला जाणीव आहे का हेही बघता येतं. कंपवाताच्या आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांनाही हे सगळं लागू आहे.

ज्या घरात रोज ठसका लागतो ते घर घाबरून लवकर येतं. ज्या घरात शांतता असते ते न्यूमोनिया घेऊन येतं.

१२. तपासणी होईपर्यंत घरी काय बघायचं?

घोट घेतल्यावर त्यांना ‘आऽऽ’ म्हणायला सांगा. आवाज ओला, पाण्यातून आल्यासारखा वाटला तर द्रव स्वरतंतूंवर साचलाय. जेवायला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागणं, जेवणानंतर नाक वाहणं किंवा डोळ्यांत पाणी, श्वास वाढणं, कारण नसताना संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, छातीत कफ वारंवार भरणं: यांतलं काहीही असेल तर वाट पाहू नका. भरवताना सरळ बसवा, जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका, टीव्ही बंद. अर्धवट शुद्धीत, गुंगीत किंवा फिट येऊन गेल्यानंतर लगेच तोंडात पाणी घालू नका. ‘दोन चमचे तरी पाजू’ ही माया तेव्हा घातक ठरते.

१३. डॉक्टरांनी घशाला चमचा लावला तेव्हा उमासा आला. मग गिळणं सुरक्षित समजायचं का?

नाही. उमासा नवव्या नसेच्या हद्दीतून येतो, वरच्या घशातून. स्वरयंत्राचं रक्षण व्हेगसच्या हद्दीत. एका दारावरचा पहारेकरी जागा दिसला म्हणून दुसऱ्याचंही तसंच असेल असं नाही. कित्येक धडधाकट माणसांना उमासा येतच नाही आणि ती पंगतीत सगळ्यांच्या आधी उठतात. तसंच, सांगितल्यावर खोकून दाखवणं आणि आपोआप खोकला येणं याही वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मोठ्या मेंदूच्या हुकमाने होते, दुसरी मेडुलाच्या.

१४. मग सगळं पाणी घट्ट करूनच द्यावं का?

थेरपिस्टने सांगितलं असेल तर, सांगितलं तितकंच घट्ट. घट्ट द्रव सावकाश येतो, दार लागायला वेळ मिळतो, हे खरं. पण ते लोकांना आवडत नाही, पाणी पिणं कमी होतं, शरीर कोरडं पडतं. आणि घशात ताकद कमी असेल तर घट्ट द्रव मागे साचून राहतो, आणि श्वासाबरोबर नंतर आत जातो. पेज किंवा दाट खीर ‘मऊ’ म्हणून सरसकट सुरक्षित नसते. दूध-पोहे किंवा शिळी चपाती चहात बुडवून देणं तर जास्त अवघड, कारण एकाच घासात पातळ आणि घन दोन्ही येतं.

१५. बीपीची गोळी सुरू केल्यापासून कोरडा खोकला आहे. घसा तर ठीक आहे.

गोळीच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ आहे का बघा: रॅमिप्रिल, एनालाप्रिल वगैरे. या गोळ्या ज्या एन्झाइमला रोखतात तेच ब्रॅडिकायनिन आणि सबस्टन्स पी या द्रव्यांचा निचरा करतं. ती साचली की मज्जातंतूंची टोकं जास्त हळवी होतात आणि खोकला सुटतो. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टर बदलून देतात. बंद केल्यावर खोकला जायला काही आठवडे लागू शकतात.

गंमत अशी की हाच दोष काही ठिकाणी गुण ठरला. जपानमधल्या अभ्यासांत पक्षाघात झालेल्या वृद्धांना या गोळ्या चालू असताना न्यूमोनिया कमी झालेला दिसला. बोथट झालेला पहारा थोडा धारदार झाला, असा त्याचा अर्थ लावतात. यावरून कुणी स्वतःहून गोळी मागू नये, पण रुग्ण ‘प्रिल’वर असेल आणि खोकला सोसण्याजोगा असेल, तर बदलण्यापूर्वी प्रश्न ११ डॉक्टरांसमोर जरूर काढा.

१६. ऑपरेशनच्या आधी उपाशी का ठेवतात? आणि दुर्बिणीच्या तपासणीनंतर पाणी का देत नाहीत?

दोन्हींचं कारण एकच. भुलीत पहारा झोपतो, पोटातलं वर आलं तर अडवायला कुणी नाही. न्यू यॉर्कमध्ये मेंडेलसन यांनी १९४६ साली ४४,०१६ बाळंतपणांचा आढावा घेतला आणि भुलीखाली पोटातलं फुप्फुसात गेल्याच्या ६६ घटना मांडल्या. उपाशी ठेवण्याच्या शिस्तीला तिथून बळ मिळालं. आज साधारण नियम असा: जड नसलेलं अन्न सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास, स्वच्छ पाणी दोन तास. ‘चहात बुडवून एकच बिस्किट दिलं’ हे लपवू नका. ऑपरेशन पुढे ढकललं तरी चालेल.

दुर्बिणीआधी घशात मारलेल्या फवाऱ्याने अस्तर बधिर होतं. गिळता येतंय असं वाटतं, पण पाणी कुठे गेलं ते कळत नाही. डॉक्टरांनी दिलेला वेळ पाळा, मग आधी एक घोट घेऊन बघा.

१७. घशात सतत काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, पण तपासण्या सगळ्या नॉर्मल. डॉक्टर म्हणतात मनाचं आहे.

मनाचं म्हणून सोडून देण्याजोगं नाही. पहारा झोपतो तसा कधी कधी अति जागाही होतो. विषाणूच्या सर्दीनंतर किंवा वर येणाऱ्या आम्लाने चिडलेले मज्जातंतू साध्या लाळेलाही परकं समजतात. मग माणूस सतत खाकरतो, खाकरल्याने अस्तर आणखी चिडतं, आणि चक्र चालू राहतं. खाकरावंसं वाटलं की कोरडं गिळा किंवा पाण्याचा लहान घोट घ्या. अवघड वाटतं, पण उपयोग होतो. घास खरोखर अडकत असेल, वजन उतरत असेल, आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसला असेल किंवा तंबाखूचं व्यसन असेल, तर मात्र हे उत्तर तुमच्यासाठी नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा.

१८. आईला नाकातून नळी आहे, तोंडाने थेंबही देत नाही. तरी न्यूमोनिया झाला. कसा?

लाळेमुळे. आपण दिवसभर लाळ गिळत असतो, नळी असली तरी. झोपेत गिळणं आणि खोकला दोन्ही मंदावतात. धडधाकट माणसांपैकी जवळपास निम्म्यांच्या फुप्फुसात गाढ झोपेत थोडी लाळ उतरते, असं अभ्यासांत दिसलं आहे. त्यांना काही होत नाही, कारण लाळ थोडी, तोंड बऱ्यापैकी स्वच्छ आणि फुप्फुस सशक्त. तुमच्या आईंच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी उलट असू शकतात. शिवाय नळी पोटातलं वर येणं थांबवत नाही.

‘तोंडाने खात नाही, मग दात कशाला घासायचे’ असं बहुतेक घरांत होतं. नेमकं तिथेच चुकतं. न वापरलेल्या तोंडात जंतू जास्त वाढतात. दिवसातून दोन-तीनदा मऊ ब्रश, जीभ आणि गालांच्या आतली बाजू ओल्या कापडाने पुसणं, कवळी रात्री काढून ठेवणं. नळीतून देताना आणि नंतर अर्धा-एक तास डोक्याकडची बाजू उंच. तोंड साफ करताना आईंना एका कुशीवर वळवा, म्हणजे पाणी मागे न जाता गालातून बाहेर येईल, आणि खाली लाळेरं किंवा जुनं फडकं ठेवा.